कंडक्टर चढायची आहे

"गाडी मी घेतो," असं म्हणून हे सरळ स्टीअरिंगच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि निघायच्या आधीच आमची सहल अडली.

गाडी मुलीची. ती किल्ली मुठीत घट्ट धरून माझ्याकडे बघायला लागली. "बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला..." एवढं ती बोलली आणि मी तिचा कोपर दाबला. डॉक्टरांचं नाव काढलं की हे बिथरतात. मी पुढे होऊन म्हटलं की ड्रायव्हरसाहेब, आज तुमची सुट्टी लागली आहे, ही बदलीवर आलेली आहे. त्यांनी मुलीला, म्हणजे स्वतःच्या पोटच्या पोरीला, पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि नवीन आहात का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली. मग क्लच अलगद सोडा, मागे म्हातारीकोतारी बसलेली असतात, एवढी समज देऊन ते मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. मुलीने मागच्या दारांची कुलपं लावली आणि आम्ही एकदाचे सुटलो.

हे माझे यजमान. सगळी नोकरी त्यांनी किनाऱ्याच्या रस्त्यावर बस चालवली आणि त्यातली बरीचशी वर्षं त्या बसची कंडक्टर मी होते. ते पुढे, मी मागे. लोकांचा संसार घरात होतो, आमचा तसा गाडीतच झाला.

गेल्या हिवाळ्यापासून ते मला ओळखत नाहीत. वाईट वागतात असं नाही हं. उलट फार सभ्य वागतात. चहा दिला की "तुम्हाला त्रास झाला, बाई" म्हणतात. जन्मात मला कधी असं म्हणाले नव्हते. पहाटे उठून ड्युटीवर निघतात, म्हणून दाराला आतून कुलूप असतं आणि त्याची किल्ली मी दोरीने गळ्यात घालते. एकदा अशीच त्यांची बटणं लावून देत होते, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, संध्याकाळ झाली. तुमच्या घरी वाट बघत असतील, तुम्ही जा आता." मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना काचा बदलून बदलून विचारायचं, आता दिसतंय का, आता दिसतंय का. त्यामुळे तिला "नाही दिसत" म्हणणाऱ्या माणसाची सवय आहे, मला नाही. तिने त्यांच्यासाठी एक जागा शोधली होती. स्वच्छ आहे, बाग आहे, रात्रंदिवस नर्स असतात. एक खाट रिकामी झाली होती आणि उद्यापर्यंत हो की नाही कळवायचं होतं. मी नको नको म्हणत होते, तेव्हा ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, ते तुला ओळखतही नाहीत. मग चहा तू दिलास काय आणि तिथल्या नर्सने दिला काय, त्यांना काय फरक पडतो?"

  मी म्हटलं, त्यांना एकदा किनाऱ्याच्या रस्त्याने नेऊ. तिथं ते मला ओळखतील. नाहीच ओळखलं, तर तू म्हणशील तसं.

म्हणून ही सहल.

गाव मागे पडलं, रस्ता चढाला लागला आणि पहिल्याच वळणाला समुद्र एकदम उघडा पडला. असं ऊन मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. पाणी इतकं चकाकत होतं की त्याच्याकडे डोळे किलकिले करूनच बघावं लागत होतं. खाली काळे, अणकुचीदार खडक, त्यांच्या मधून फेस आत यायचा आणि सावकाश परत जायचा. एवढ्या उंचीवरून लाटांचा आवाज येत नव्हता. काच जरा खाली केली तर वारा कोमट, त्याला मीठ आणि वाळलेल्या गवताचा वास. रस्ता एखाद्या झोपाळू माणसाने आळस द्यावा तसा डावीकडे वळायचा, उजवीकडे वळायचा. 

गंमत म्हणजे हा किनारा मी असा कधी पाहिलाच नव्हता. कंडक्टरचं तोंड प्रवाशांकडे आणि पाठ रस्त्याकडे. पन्नास लोकांवर लक्ष ठेवायचं, आत सरका म्हणून ओरडायचं आणि मधूनच मागच्या काचेतून बाहेर बघायचं. त्या काचेतून मला सगळं जाताना दिसायचं. खडक जायचे, दीपगृह जायचं, हात हलवणारी पोरं बारीक होत जायची. आज पहिल्यांदा तेच सगळं समोरून येत होतं, आधी लहान, मग मोठं, आणि मी येड्यासारखी प्रत्येकाला ओळख दाखवत होते.

ह्यांना मात्र रस्ता पाठ होता. वळण यायच्या आधीच त्यांचं अंग कलायचं. उताराला उजवा पाय गाडीच्या तळाशी आपोआप दाबला जायचा. एकदा पुढे वाकून मुलीला म्हणाले की आता दुसरा गिअर टाका, पुढे चढ फसवा आहे. तिने टाकला आणि चढ खरंच फसवा निघाला. मी पुढे सरकून बसले. म्हटलं, रस्ता आठवतोय, म्हणजे आता मी पण आठवणार. त्याच रस्त्यात तर होते मी.

दीपगृहाचा थांबा आला तेव्हा मी त्यांचा हात हलवला. म्हटलं, आठवतं का इथं काय झालं होतं?

इथं असं झालं होतं. मी नव्यानेच लागले होते. आमच्या गाडीत छताला एक दोरी असायची, ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटा वाजायची. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. ह्या थांब्यावर मी दोनदा ओढली आणि तेवढ्यात दिसलं की एका बाईचं शिवणाचं मशीन खालीच राहिलंय. मी उडी मारून उतरले, मशीनला हात घातला आणि मान वर केली तर गाडी निघालेली. दोन बेल झाल्या, ड्रायव्हर निघणारच. मी मागून ओरडत धावले, पण समुद्राच्या वाऱ्यात कुणाला ऐकू येतंय. आतल्या लोकांना वाटलं मी पुढे असेन, पुढच्यांना वाटलं मागे. पुढचे काही थांबे गाडी कंडक्टरविनाच गेली. मग ह्यांनी आरशात पाहिलं आणि मी दिसेना. त्या चिंचोळ्या रस्त्यावर, एका बाजूला दरी असताना, त्या माणसाने अख्खी बस मागे पुढे करत वळवली आणि मला न्यायला परत आला. मी उन्हात मशीनवर बसलेली, टोमॅटोसारखी लाल. मी त्यांना असं काही फाडून खाल्लं की प्रवाशांनी कान झाकले.  त्यांनी उरलेला सगळा रस्ता आरशात बघून गाडी चालवली.

दुसऱ्या दिवसापासून दोन बेल झाल्या तरी त्यांचं चाक हलायचं नाही. आधी आरशात बघायचे आणि ओरडून विचारायचे, "चढलात का?" मी "चढले, चला" म्हटलं की निघायचे. लग्न झाल्यावर त्याचं "चढलीस का गं?" झालं. पुढे तर घरातही तेच. जिना चढून आले की, रात्री दिवा मालवून अंथरुणावर पडले की, अंधारातून आवाज यायचा, चढलीस का गं?

हे सगळं मी त्यांना रंगवून रंगवून सांगितलं. डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे, मऊ आवाजात, सावकाश. त्यांनी मन लावून ऐकलं. हसण्याच्या जागी हसले सुद्धा. मग म्हणाले, "तुम्हाला या रस्त्याची बरीच माहिती आहे, बाई."

पुढच्या आरशातून मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच डोळे रस्त्यावर नेले.

तरी मी हार मानली नाही. पुढे खडकात एक कमान आहे, तिच्यातून लाट उसळते, ती दाखवली. ज्या कॅन्टीनमध्ये गाडी अर्धा तास थांबायची ते दाखवलं. कॅन्टीन आता बंद आहे, पत्र्यावर वेल चढलीय. तिथं आम्ही पहिल्यांदा समोरासमोर बसून चहा प्यायलो होतो. तोवर वर्षभर त्यांनी मला नीट असं आरशातच पाहिलेलं. त्या दिवशी ते कप हातात धरून माझ्याकडे टकामका बघत राहिले आणि भर कॅन्टीनमध्ये म्हणाले, "तुमचा तीळ दुसऱ्या गालावर होता ना?" सगळे इतके हसले की चहावाल्याच्या हातून किटली पडता पडता राहिली. पुढे कितीतरी दिवस त्यांना माझा चेहरा समोरून खोटाच वाटायचा. म्हणायचे, घरात कुणी भलतीच बाई फिरतेय, माझी बाई गाडीत आहे.

वेलीखालचं कॅन्टीन मागे गेलं. त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही, कारण त्यांचं लक्ष स्पीडोमीटरकडे होतं.

रस्ता जिथं संपतो तिथं एक टोक समुद्रात घुसलंय. आमच्या वेळी गाडी तिथं वळायची. आता बाकडी ठेवलीत, लोक फोटो काढायला येतात. आम्ही गवतावर चादर पसरली. पाव, उकडलेली अंडी, थर्मासमधला चहा. खाली पाणी हिरवं होतं, लांब निळं होतं आणि त्याच्याही पलीकडे पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. ऊन पाठीवर हात फिरवल्यासारखं लागत होतं. मी त्यांना अंडं सोलून दिलं. त्यांनी अर्धं मला दिलं, कारण ते कुणाहीसमोर एकटे खात नाहीत. मग माझ्या मांडीवर नाही, पण शेजारच्या पिशवीवर डोकं ठेवून ते झोपले. पांढरे पक्षी वाऱ्यावर नुसते तरंगत होते, पंख हलवायचेही कष्ट घेत नव्हते. मला वाटलं, काळ असाच राहिला तर बरं. उद्या उजाडलंच नाही तर कुणाचं काय बिघडणार आहे.

ते उठले तेव्हा तोंड ताजं होतं. मी म्हटलं, आता नाही तर कधी नाही. त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि सरळ विचारलं, "मी कोण आहे?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही फार चांगल्या आहात."

मुलगी चादर झटकायला लागली. गवत कधीच पडलं होतं तरी झटकतच होती. मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं की उद्या त्या लोकांना कळवून टाक, हो म्हणून. ती "आई" एवढंच म्हणाली. तिलाही जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, हे मला तिच्या मानेवरून कळलं.

परत निघताना हे आपणहून पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, बसू दे, आता मला काय दाखवायचं राहिलं होतं. सूर्य उतरला होता आणि थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होता, म्हणून मुलीने त्यांच्या समोरची छताची फळी खाली ओढून दिली. मी उघड्या दारात उभी राहून, वाकून, त्यांचा पट्टा लावत होते. मुलीने गाडी चालू केली. त्याबरोबर ह्यांनी हँडब्रेकवर पंजा ठेवला.

"थांबा."

मुलीने विचारलं, काय झालं, बाबा?

"कंडक्टर चढायची आहे."

माझ्या हातातला पट्टा तसाच राहिला. मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हटलं, "अहो, मीच ती. मीच कंडक्टर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाईट वाटू नये म्हणून जरा वेळ घेतला. मग मान हलवली. "नाही बाई. तीळ तिलाही आहे. पण तिचा या बाजूच्या गालावर असतो," त्यांनी उजवा हात उचलला, "तुमचा त्या बाजूला आहे. आणि ती फार ओरडते हो. तुम्ही किती मऊ बोलता."

आधी मला फक्त लागलं. इतकं लागलं की पट्टा कसाबसा अडकवून मी सरळ उभी राहिले आणि समुद्राकडे तोंड केलं. म्हटलं, इतके महिने जीभ चावून चावून मऊ बोलले, त्याचं हे बक्षीस. आणि मग सावकाश, भांड्यात पाणी चढत यावं तसं, ते कॅन्टीन माझ्या डोक्यात चढत आलं. कप हातात धरून टकामका बघणारा तो तरुण. तीळ दुसऱ्या गालावर.

मी त्यांचं दार लावलं, मागचं दार उघडलं, आत शिरले आणि ते असं आपटलं की मुलगी सीटवर उडाली. मधोमध बसले. गळ्यातली किल्ली ओढून काढली. आणि कित्येक महिने घशात कोंडून ठेवलेला आवाज पोटातून बाहेर काढला.

"दारात कोण उभं आहे? आत सरका! आत जागा आहे!"

आणि किल्लीने खिडकीच्या काचेवर दोनदा मारलं. टण, टण.

ह्यांनी मान वर केली. समोरच्या त्या फळीला आतून एक आरसा आहे, चार बोटांचा. मुलगी कधी घाईत असली की त्यात बघून केस नीट करते. त्या आरशात मला त्यांचे डोळे दिसले. म्हणजे त्यांनाही माझे दिसले असणार. ते डोळे माझ्यावर आले, थांबले, आणि इतक्या महिन्यांनी आपल्या घरी आल्यासारखे सैल झाले.

"चढलीस का गं?"

  आरशात ते वाट बघत होते. बेल झाली तरी निघायचं नाही, हा त्यांचा नियम.

"चढले," मी म्हटलं. "चढले, चला. किती वेळ लावताय?"

ते हसले. पंजा ब्रेकवरून काढून मुलीला म्हणाले, "सोडा हो आता. अलगद सोडा."

तिने सोडली, पण तिला रस्ता नीट दिसत नसावा, कारण पहिल्याच वळणाला ते तिच्यावर खेकसले.

परतीचा रस्ता मी माझ्या पद्धतीने पाहिला. मान वळवून, मागच्या काचेतून. ते टोक गेलं, वेलीखालचं कॅन्टीन गेलं, खडकाची कमान गेली. पाण्यावर सोनं सांडलं होतं आणि तेही हळूहळू मागे राहत होतं. मधूनमधून समोर बघितलं की आरशात ते होतेच. एकदा विचारलं, "जेवलीस का?" मी म्हटलं, तुम्हीच तर अर्धं अंडं दिलंत. "मीठ नव्हतं त्याला," म्हणाले. मी म्हटलं, मग उद्यापासून स्वतः करून खा. खुशीत मान डोलावली.

दीपगृहापाशी मला राहवलं नाही. पुढे झुकून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी वळून पाहिलं. अगदी जवळून, समोरासमोर. डोळ्यांतलं ते सैलपण गेलं आणि त्यांनी अदबीने विचारलं, "बाई, तुम्हाला कुठं उतरायचंय?"

मी हात काढून घेतला आणि मागे टेकून बसले. थोड्या वेळाने आरशातून आवाज आला, "दमलीस गं?"

"नाही," मी म्हटलं. हात धरायचा तर परकी व्हायचं आणि ओळख हवी तर मागे बसायचं. बरं, बसते मागे. सगळी नोकरी मागेच तर काढली.

 मुलगी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "आई, त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवू. समोर एक आरसा लावून देते. रुंद, बसमध्ये असतो तसला."

"आणि त्या लोकांना उद्या काय कळवणार आहेस?"

"खाट नको म्हणून."

ह्यांनी तिला सांगितलं की पुढे उतार आहे, गप्पा नंतर.

शेवटच्या उताराला सूर्य पाण्यात गेला. डोळ्यांवरचं ऊन सरलं, गावातले दिवे लागले, आणि मुलीचा हात सवयीने ती फळी वर सरकवायला गेला.

"हात लावू नकोस तिला," मी मागून ओरडले.

"ऐकलंत?" हे आरशातून माझ्याकडे बघत मुलीला म्हणाले. "अशीच आहे ती."